पाच सेकंदांचं दार

आमच्या घराच्या दाराने विजेवर चालणारी तीन कुलपं खाल्ली. चौथं बसवलं ते मात्र अगदी नीट चाललं, आणि खरा घोटाळा झाला तो ते नीट चाललं म्हणूनच.

आधी कबूल करतो की हे माझं रोजचं काम आहे. उरणकडच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. लांबवरचा व्हॉल्व्ह इथून उघडायचा, इथून बंद करायचा आणि तो खरंच उघडला की नाही ते दिव्यावर बघायचं. चोवीस व्होल्टच्या बारीक तारांमध्ये माझी अर्धी हयात गेली. त्यामुळे पनवेलच्या घराचं एक दार कारखान्यात बसून उघडायचं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटत होतं. वाटायला काय जातं!

हे सगळं बाबासाठी होतं. बाबा उरणजवळच्या करंजा गावचा, जन्म होडीवर गेलेला माणूस. आमच्यात बापाला अहो-जाहो करायची पद्धत नाही, त्यामुळे तो मला बाबा आणि तू. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. इस्पितळ पनवेलचं, व्यायाम करून घेणारा फिजिओही पनवेलचा, म्हणून मी त्याला आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. मोठा भाऊ करंज्यात असतो, त्याची स्वतःची बोट आहे. त्याला हे अजिबात पसंत नव्हतं. बाबाने मधला मार्ग काढला. "म्हैनाभर बगतो," तो म्हणाला, "जमला तर रातो, नाय तर आपला करंजा हाय."

मला तो राहायला हवा होता. व्यायाम सुटला तर तो पुन्हा चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, हे एक कारण झालं. दुसरं असं की मी अठराव्या वर्षी घर सोडलं ते सोडलंच, आणि त्यानंतर बापाबरोबर सलग चार दिवससुद्धा राहिलो नव्हतो. भाऊ हे मला कधी बोलून दाखवत नसे, पण त्याच्या न बोलण्यातही ते ऐकू यायचं. तेव्हा तो महिना म्हणजे माझी परीक्षा होती आणि मला पास व्हायचं होतं.

अडचण एकच होती, दार. मी सकाळी आठला कारखान्याच्या बसने जायचो, बायको नऊला खारघरच्या कॉलेजच्या ऑफिसात. संध्याकाळपर्यंत बाबा एकटा. त्याची खाट हॉलमध्ये होती, पण काठी टेकत दारापर्यंत यायला त्याला वेळ लागे, आणि आल्यावर लॅचची मूठ फिरवायला उजवा हात चालत नसे, डाव्या हातात काठी. फिजिओ आठवड्यातून तीनदा अकराला यायचा, त्याला दार कोण उघडणार? दार उघडंच ठेवून जावं तर बायकोने साफ नकार दिला. आमच्या इमारतीतून दोनदा चपला आणि एकदा भरलेला सिलेंडर गेला होता, तिचं काही चूक नव्हतं.

म्हणून ठरलं, दाराला विजेचं कुलूप आणि त्याच्यामागे बिनतारी रिले. रिले ही काही जगावेगळी वस्तू नव्हे. सांगितलं की दोन तारा जोडायच्या, सांगितलं की तोडायच्या, एवढंच काम करणारा तो गडी. बिनतारी म्हणजे त्याला फोनवरून सांगायचं, बस. काड्यापेटीएवढा डबा मागवला, बारा व्होल्टचं कुलूप आणलं आणि एका रविवारी सकाळी बायकोला आणि बाबाला समोर बसवून मी फोनवरचं बटण दाबलं.

फट्ट असा आवाज झाला. कुलपातून काळा धूर आला, दारावर डाग पडला आणि कुलपाला वीज पुरवणारा अ‍ॅडॉप्टर कायमचा थंड झाला. बाबाने खाटेवरून विचारलं, "उगाडला?"

उघडलं नव्हतं. उलट कुलूप आतच अडकलं आणि ते काढायला मला अर्धा तास स्क्रू ढिले करत बसावं लागलं. डब्यासोबतचा कागद तेव्हा वाचला. त्या रिलेच्या बाहेर निघणाऱ्या तारेवर थेट दोनशे तीस व्होल्ट येतात, तो दिवे-पंख्यांसाठी केलेला. माझ्या बारा व्होल्टच्या कुलपाला हवा होता नुसता जोडणारा-तोडणारा, स्वतःची वीज न सोडणारा. कारखान्यात आम्ही त्याला ड्राय कॉन्टॅक्ट म्हणतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मी दम भरतो, "आधी मीटर लाव, मग तार लाव." आणि घरी मी मीटर पिशवीतून काढलाही नव्हता. बायको डाग पुसता पुसता म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं तिने सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या खेपेला नीट ड्राय कॉन्टॅक्टवाला रिले आणला, नवं कुलूप आणलं. चाललं. म्हणजे चालायला हवं तसं नाही, पण चाललं. आमच्या कारखान्यात आत फोन नेता येत नाही, तो कंट्रोल रूमच्या कपाटात ठेवावा लागतो. फिजिओ दारात उभा राहून मला फोन लावायचा, कपाटात फोन वाजायचा, कुणीतरी वॉकीटॉकीवर सांगायचं, "तुमचं दार आलंय." मग मी टाकीवरून उतरायचो, हेल्मेट काढायचो, धावायचो आणि वीस किलोमीटरवरचं दार उघडायचो. चार दिवसांत सगळी शिफ्ट मला विचारायला लागली, काय, आज दार आलं का?

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली आणि परत आली. हे पनवेलमध्ये सांगण्यासारखं काही नाही. पण वीज परत आल्यावर रिलेने काय करायचं, चालू राहायचं की बंद, हेही आधी ठरवून द्यावं लागतं. ते मी ठरवलं नव्हतं, आणि कंपनीने आपल्या मनाने ठरवलं होतं, चालू. म्हणजे वीज आल्याबरोबर कुलूप सुटलं आणि सुटलेलंच राहिलं. ही कुलपं दोन-चार सेकंद वीज घेण्यासाठी असतात. ते दोन तास घेत राहिलं, तापलं आणि जळालं. दार वाऱ्याने किलकिलं झालं, मांजर आत आलं आणि बायकोने बाबासाठी तळून ठेवलेल्या मांदेल्यांचा फडशा पाडून गेलं. मी घरी येऊन आरडाओरडा केला. बाबा मात्र खुशीत होता.

"मांजर तरी आयली," तो म्हणाला.

मी तेव्हा ते विनोद म्हणून घेतलं. लगेच जाऊन दाराच्या वर तो लोखंडी हात बसवून घेतला, दार आपोआप लोटून बंद करणारा. आता मांजर काय, मांजराचा बापसुद्धा आत येणार नाही, असं मी बायकोला सांगितलं.

मांजर आलं नाही. आणि म्हावरेवालीही येईनाशी झाली. ही बाई आमच्या गल्लीत रोज दहाच्या सुमाराला पाटी घेऊन यायची. उरणकडचीच, त्यामुळे बाबाशी तिचं सूत जमलं होतं. ती उंबऱ्यात पाटी ठेवायची, बाबा खाटेवरूनच बोंबलांना नावं ठेवायचा, ती त्याला नावं ठेवायची आणि अर्धा तास जायचा. कुलूप येण्याआधी तिच्यासाठी बायको ऑफिसला उशीर करून, दार उघडं ठेवून बसायची. कुलूप आल्यावर बायको आनंदाने वेळेवर ऑफिसला जायला लागली.

एका रविवारी पनवेलच्याच उरण नाक्यावरच्या मच्छी बाजारात ती भेटली. मला बघून तिने आधी पदर नीट केला, चेहरा पाडला आणि हळू आवाजात विचारलं, "तरास नाय ना झाला त्याला शेवटी?"

मला आधी कळेचना. मग ती म्हणाली, "चार दिस दार लावलेला दिसला. दिवसाउजेडी दार लावलेला म्हंजे मना वाटला, म्हातारा गेला. इचारायचा तरी कसा?"

तिचंही चूक नव्हतं. आमच्या करंज्याला सकाळी उघडलेलं दार माणसं निजायला जातात तेव्हा लागतं. मध्येच दार लोटलेलं दिसलं की शेजारीण येतेच, काय झाला म्हणून. मी तिला सांगितलं की बाबा ठणठणीत आहे, दाराला बेल आहे, ती वाजव, मी फोनवरून उघडतो. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझीच लाज वाटली. "बेल वाजवून म्हावरा इकू?" ती म्हणाली. "मी काय पोस्टमन हाय?"

घरी येऊन मी हे बाबाला रंगवून सांगितलं. तो खूप हसला, खोकला येईपर्यंत हसला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. रात्री भावाचा फोन आला तेव्हा त्याला सगळी हकिगत आधीच कळलेली होती. बाजारातून करंज्याला बातमी जायला ना तार लागते ना बिनतारी. "आमच्यात म्हाताऱ्याला कुलपात ठेवत नाय," तो म्हणाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बोलला म्हणून नव्हे. तो बोलला ते मला उलटवता येत नव्हतं म्हणून.

तिसरं कुलूप जळालं नाही. ते मी हातोडीने फोडलं. आमच्या रस्त्यावर कुणीतरी कसलातरी पाइप टाकायला खणत होतं, त्यात इंटरनेटची केबल तुटली. फोनवरून निघालेला हुकूम कुठल्या कुठे परदेशात जाऊन मग आमच्या दाराशी येत असे, ती वाटच बंद झाली. त्या संध्याकाळी मी आणि बायको दोघंही दाराबाहेर, दोघांच्याही किल्ल्या आत, कारण आता किल्ल्यांची गरजच काय असं मीच म्हणालो होतो. तीन फुटांवर आतल्या बाजूला बाबा काठी टेकून उभा, मूठ फिरवायची खटपट करतोय आणि ती फिरत नाहीये. समोरच्या गॅरेजमधून हातोडी आणली. मी घाव घालत होतो आणि आतून बाबा सांगत होता, "हळू मार, दार फुटंल." मी एक तर रडलो असतो नाहीतर आणखी जोरात मारलं असतं. मी जोरात मारलं.

आता मात्र मी इरेला पेटलो. महिन्यातले शेवटचे पाच-सहा दिवस उरले होते. चौथ्या वेळी मी सगळं कारखान्यात करतो तसं केलं. कागदावर आधी चित्र काढलं. मीटर लावून एकेक तार तपासली. वीज गेली-आली तर रिले बंदच राहील असं ठरवून दिलं. इंटरनेट असो नसो, घरातल्या घरात चालेल असं केलं. बाबाच्या उशाशी, डाव्या हाताला, तळहाताएवढं मोठं लाल बटण बसवलं. बटण दाबलं की रिले पाच सेकंद जोडायचा, कुलूप खट् करून सुटायचं, बाहेरच्याने दार ढकलायचं आणि आत यायचं. पाच सेकंदांनी पुन्हा कुलूप. शिवाय दार केव्हा सुटलं, केव्हा लागलं याची नोंद माझ्या फोनवर. कुलूप तापणार नाही, मांजर येणार नाही, कुणी अडकणार नाही. फिजिओ आला, बाबाने बटण दाबलं, फिजिओ आत आला. मी इतका खूश झालो की कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सहज नोंद बघितली. सकाळपासून दार एकेचाळीस वेळा सुटलं होतं.

फिजिओचा तो दिवस नव्हता. रिले बिघडला, तार कुठेतरी टेकतेय, पाचवं कुलूप! घरी फोन लावला.

"बाबा, बटण कोण दाबतंय?"

"मीच."

"कोण आलं होतं?"

"कोन नाय."

"मग कशाला दाबतोस? एकेचाळीस वेळा? ते खेळणं आहे का?"

तो म्हणाला, "पाच सेकंदांत कोन येतंय रं? दाबतो, खट् वाजतो, वाट बगतो, तवर लागतो. परत दाबतो."

इथे एखाद्या शहाण्या माणसाने फोन ठेवून विचार केला असता. मी महिनाभर स्क्रू पिळले होते, धूर खाल्ला होता, माझ्या शिफ्टची करमणूक झालो होतो, भावाचे टोमणे ऐकले होते, आणि आता सगळं नीट चालतंय तर ह्याला नीट चाललेलं नको होतं. मी ओरडलो, "मग जा ना करंज्याला! तिथे सगळी दारं उघडीच असतात!" आणि फोन कापला. आजूबाजूच्या तिघांनी डब्यात माना घातल्या.

एक तास मी स्वतःच्या बाजूने मनात भांडत राहिलो. दोन वाजता पुन्हा नोंद बघितली. आता मिनिटात चार-चार वेळा दार सुटत होतं, सारखं, दहा-बारा मिनिटं. मग एकदा सुटलं आणि लागलंच नाही. फोनवर लाल अक्षरांत "दार उघडं" एवढंच येत राहिलं. घरी फोन केला, कुणी उचलला नाही. मी गेटपास घेतला आणि निघालो. जासईपासून कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. मी रिक्षात बसून त्या प्रत्येक ट्रेलरला, रिलेला, कुलपाला आणि मला शिव्या देत होतो. तो खाली पडला असेल. तो रस्त्यावर गेला असेल, एका पायाने. तो गेलाच असेल, मीच तर सांगितलं होतं.

इमारतीत शिरलो तर आमचं दार सताड उघडं, आणि दाराला अडसर म्हणून उंबऱ्यात बाबाची कापडी पिशवी, गच्च भरलेली. मी ती ओलांडून आत धावलो.

आत बाबा खाटेवर बसला होता आणि त्याच्यासमोर खुर्चीवर आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा, हातात कप. कुवेतला पंचवीस वर्षं काढून परत आलेले गृहस्थ. दोन वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांना मान हलवत होतो, त्यापुढे काही नाही. करंज्याचे सुके बोंबील चांगले की मुरुडचे, यावर दोघांचं जोरात चाललं होतं.

"तुमचं लॉक सारखं खटखट वाजत होतं," चाचा मला म्हणाले. "मला वाटलं कोनी अंदर अटकलंय. खाली आलो, धक्का दिला, खुललं."

मी बाबापुढे खाली बसलो. "बाबा, मी रागात बोललो. माझं डोकं फिरलं होतं. जाऊ नको."

"कोन चाललाय?" बाबा म्हणाला. "दार लागत होता, म्हनून पिशवी लावलीय."

चाचा आपल्या कपात बघत राहिले. मला एकदम हसू फुटलं. वरचा तो लोखंडी हात पिशवीवर दार रेटत होता आणि पिशवी हलत नव्हती. माझ्या एवढ्या तारांना जे जमलं नाही ते एका पिशवीने केलं होतं. मी मोठ्याने हसलो, पुन्हा चहा टाकला, आणि त्या वादात मुरुडच्या बाजूने दोन शब्द बोलून बाबाच्या शिव्याही खाल्ल्या. निघताना चाचा दारात थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलणार होते, पण "अल्ला हाफिज, येतो उद्या" एवढंच म्हणून जिना चढले.

त्यांना वाट देऊन मी पिशवी उचलायला गेलो तर ती जड लागली.

"एवढी भरलीस कशाला?"

"रिकामी पिशवी दार धरील काय?" बाबा म्हणाला.

मी ती आत आणून रिकामी करायला घेतली. लुंग्या, सदरे, स्वेटर, सगळं एका हाताने कोंबलेलं. त्याखाली गोळ्यांचा डबा, डॉक्टरची चिठ्ठी त्यालाच रबराने बांधलेली. आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला आईचा फोटो. तो माझ्या घरातल्या भिंतीवरून त्याने काठी टाकून, डाव्या हाताने, कसा काढला असेल मला माहीत नाही. दार धरायला आईचा फोटो लागत नाही. तो निघाला होता. ती खटखट दार उघडं ठेवण्यासाठी नव्हती, रिक्षापर्यंत हात देईल असं कुणीतरी यावं म्हणून होती, आणि चाचांनी हात द्यायच्या ऐवजी त्याला बसवून ठेवलं होतं.

मी टॉवेल हातात घेऊन तसाच बसून राहिलो. त्याने मला बघताना बघितलं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खरं सांगावं लागलं असतं, आणि त्याने माझ्यासाठी नुकतंच एक खोटं सांगितलं होतं. मी उठून फोटो खिळ्याला लावला. तो वाकडा बसला, बाबाने खाटेवरून बोटाने दाखवलं, मी सरळ केला. सदरे घडी करून कपाटात ठेवले. गोळ्या उशाशी ठेवल्या.

"उद्या तो व्यायामवाला येनार हाय ना?" बाबाने विचारलं.

"अकराला."

"मंग सकाळी जाताना," तो म्हणाला, "दार लोटू नको."